अर्ध्यावर सोडलेल्यांची यादी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी वाचनाची यादी मिळाली. वाचून झालेली आणि अर्ध्यावर सोडलेली असे दोन रकाने केलेस, ते फार बरं केलंस. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला म्हणून त्याखाली बारीक अक्षरात 'लाज वाटते' असंही लिहिलंयस. त्या दोन शब्दांसाठी हे पत्र. फोनवर बोलले असते तर तू 'हो गं आई' म्हणून विषय बदलला असतास.

लाज कशाची वाटायची? मला तर तुझा दुसराच रकाना जास्त आवडला. वाचून झालेल्या पुस्तकांपुढे तू 'छान', 'मस्त', 'एका बैठकीत' एवढंच लिहिलंस. त्यावरून मला ती पुस्तकंही कळत नाहीत आणि तूही कळत नाहीस. सोडलेल्यांमधल्या एका नावापुढे मात्र लिहिलंयस, 'नायक चुकला तरी लेखक त्याचीच बाजू घेतो, पान १४०.' हे वाचलं आणि मला तुझा अभिमान वाटला. ज्याला हे दिसलं, त्याने ते पुस्तक नीट वाचलंय, मग पुढची दोनशे पानं उलटली नाहीत तरी चालेल.

माझी तक्रार वेगळी आहे. काही नावांपुढे तू नुसतं 'बोअर' लिहून मोकळा झालास. बोअर का झालं? वर्णनं लांबली म्हणून, सगळी पात्रं एकसारखीच बोलायला लागली म्हणून, की त्या आठवड्यात तुझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं? पहिली दोन कारणं पुस्तकाची, तिसरं तुझं. हा फरक न करता पुस्तक बाजूला टाकलं, की तसलंच दुसरं पुस्तक पुन्हा हातात येतं आणि पुन्हा तिथेच अडतं.

मीही अलीकडे एक रहस्यकथा सोडली. जाडजूड, लोकांनी नावाजलेली. तपास करणारा माणूस सगळी हकीकत स्वतःच सांगतो, 'मी' म्हणून. मृताच्या टेबलाचा खण तो उघडतो, आतला कागद वाचतो, 'आता मला सगळं कळलं' म्हणतो आणि प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात तो जेवतो, झोपतो, मित्राशी भांडतो, पण कागदात काय होतं ते सांगत नाही. त्यापुढच्या प्रकरणातही नाही. इतका वेळ त्याच्या मनातलं बारीकसारीक सगळं मला कळत होतं, आणि नेमकं महत्त्वाचं आलं तेव्हा तो गप्प झाला. लपवायचंच होतं तर गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगायची होती. होम्सच्या बहुतेक गोष्टी वॉटसन सांगतो त्या काय उगाच? वॉटसनला जे कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही, आणि त्यात कुणाची फसवणूक होत नाही. मी वहीत 'खणातला कागद' एवढं लिहिलं आणि पुस्तक ठेवून दिलं. खुनी कोण ते मला आजही माहीत नाही, आणि त्याची चुटपुटही लागलेली नाही.

दुसऱ्या एका कादंबरीचं याच्या नेमकं उलट झालं. सुरुवातीची पानं इतकी संथ, की तीही मी सोडायच्या बेतात होते. वडील गेल्यावर दोन भाऊ त्यांची पुस्तकं वाटून घेतात, एवढाच प्रसंग पानंच्या पानं चालतो. धाकटा कपाटातून एकेक पुस्तक काढून नाव वाचतो, थोरला 'तू घे' किंवा 'इकडे दे' म्हणतो. बस्स. लेखिका मध्ये एक शब्द घालत नाही. मग माझ्या लक्षात आलं, की थोरला नेमकी तीच पुस्तकं मागून घेतोय ज्यांच्या समासात वडिलांनी काहीबाही लिहून ठेवलंय. धाकट्याला याचा पत्ताच नाही, कारण त्याने ती कधी उघडलेलीच नाहीत. हे कळल्यावर मी मागे गेले आणि तो सगळा प्रसंग पुन्हा वाचला. प्रत्येक 'तू घे' आता वेगळा ऐकू आला. लेखिकेने तो प्रसंग घाईने उरकला असता तर थोरल्याची ही लबाडी मला पकडताच आली नसती. ही कादंबरी मी शेवटपर्यंत वाचली आणि संपल्यावर कितीतरी दिवस दुसरं काही वाचावंसं वाटलं नाही.

नॅन्सी पर्ल नावाच्या एक अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा एक नियम वाचकांमध्ये प्रसिद्ध आहे. पुस्तकाला ५० पानं द्या, तोवर नाही रुचलं तर ठेवून द्या. आणि वय ५० च्या पुढे गेलं असेल तर १०० मधून ते वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. वय वाढतं तसा हातातला वेळ कमी होतो, म्हणून. नियमामागची माया मला समजते, पण मी तो पाळत नाही. त्या हिशेबाने भावांची कादंबरी माझ्या हातून केव्हाच सुटली असती. मी पानं मोजत नाही. पुढे काय होणार याची उत्सुकता उरली आहे का, किंवा हे असं का लिहिलंय याची तरी उरली आहे का, एवढंच बघते. दोन्हींपैकी एक असेल तोवर वाचते. दोन्ही संपल्या की थांबते, मग शेवट दहा पानांवर का असेना.

आता तुझ्या कंसांबद्दल. फॅनफिक, म्हणजे आवडत्या मालिकेतली नाहीतर पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या त्या कथा, तू सगळी यादीच्या तळाशी, कंसात टाकलीस आणि वर 'ही धरायची नाहीत' अशी पुस्ती जोडलीस. का नाही धरायची? त्यातली एक साठ हजार शब्दांची आहे असं तूच म्हणालास. म्हणजे चांगली मध्यम आकाराची कादंबरी झाली. तू ती जागून वाचलीस, मला तिच्यातला संवाद पाठ म्हणून दाखवलास. आणि ज्या छापील पुस्तकाचं एक वाक्यही तुला आठवत नाही ते मात्र वर ऐटीत बसलंय. ते कंस काढून टाक.

दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिलं म्हणून ते हलकं, असं म्हणशील तर आपल्या कपाटातला वरचा खण रिकामा करावा लागेल. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) महाभारतातल्या एका उपाख्यानावर उभी आहे. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघंही आपापली बाजू आपल्या तोंडाने सांगतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली आणि शोणसुद्धा बोलतात. मी यांना फॅनफिक म्हणत नाही. महाभारत कुणा एकाच्या मालकीचं नाही. तुझ्या फॅनफिकमधली पात्रं बहुतेक वेळा हयात लेखकाची नाहीतर एखाद्या कंपनीची असतात. म्हणून तर ती हौसेने लिहून फुकट वाचायला द्यायची असतात, विकायची नसतात. हा फरक मोठा आहे. पण 'त्या वेळी तिला काय वाटलं असेल?' हा प्रश्न मनात आला, मूळ गोष्टीत त्याचं उत्तर सापडलं नाही आणि माणूस लिहायला बसला, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

हे काही आजचंही नाही. सर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाच्या 'डॉन किहोते' या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला आणि लोकांना वेड लागलं. दुसरा भाग यायला वेळ लागला, तर १६१४ मध्ये आव्हेयानेदा असं टोपणनाव घेऊन भलत्यानेच तो लिहून छापून टाकला. सर्व्हान्तेस चिडला, आणि चिडून त्याने काय केलं ते मला फार आवडतं. १६१५ साली त्याचा स्वतःचा दुसरा भाग आला. त्यात एका खानावळीत शेजारच्या खोलीतली माणसं त्या नकली पुस्तकाबद्दल बोलताना खुद्द डॉन किहोतेच्या कानावर पडतात. नकली पुस्तकातला नायक सारागोसाला गेला होता, म्हणून हा तिकडची वाट सोडतो आणि बार्सिलोनाला जातो! पुस्तकाच्या शेवटी सर्व्हान्तेसने त्याला मारलंही, पुन्हा कुणी त्याला उचलू नये म्हणून. पात्रावर हक्क कुणाचा, ज्याने घडवलं त्याचा की ज्यांनी जीव लावला त्यांचा, हा वाद इतका जुना आहे.

तुझ्या ओळखीचं फॅनफिक त्यामानाने अलीकडचं. 'स्टार ट्रेक' ही टीव्ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी चाहत्यांनी 'स्पॉकॅनेलिया' हे नियतकालिक काढलं. पुढे अशी कितीतरी निघाली. लिहिणाऱ्या, छापणाऱ्या, टपालाने पाठवणाऱ्या बहुतांश बायका होत्या. तू जिथे वाचतोस ते 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे फॅनफिकचं संकेतस्थळ आजही स्वयंसेवक चालवतात, देणग्यांवर, जाहिराती न घेता. २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या जगात हा पुरस्कार फार मानाचा. त्यांनी कंस काढले, मग तू का ठेवतोस?

आणि तू मला पाठवलेली ती पहारेकऱ्याची कथा! मूळ मालिकेत तो एका प्रसंगापुरता येतो, पहाटेच्या हल्ल्यात पहिला मारला जातो, त्याला नावसुद्धा नाही. या लेखिकेने त्याला आदली रात्र दिली. तो बुटाचा तुटलेला पट्टा शिवत बसलाय. सुई जाड आहे, चामडं कडक आहे, मधूनमधून ती बोटाला लागते आणि तो शिवी हासडतो. शेजारचा म्हणतो, सकाळी नवा पट्टा माग की कोठीतून. हा म्हणतो, नव्याला सैल व्हायला महिना लागतो. पट्टा शिवून होतो, तो बूट घालून दोन पावलं चालून बघतो आणि कथा संपते. पहाट होतच नाही. पहाटे काय होणार हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून लेखिकेला ते सांगावं लागत नाही. स्वतंत्र कथा लिहिणाऱ्याला पात्रांची ओळख करून द्यायची असते, जग उभं करायचं असतं, त्यातच पानं खर्ची पडतात. फॅनफिकच्या वाचकाला ते सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे अख्खी कथा एका पट्ट्यावर खर्च करता येते. हे बळ मला छापील पुस्तकांत क्वचित दिसतं. ही कथा मी पुन्हा पुन्हा वाचली.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. कथेच्या माथ्यावरचे टॅग. प्रमुख पात्राचा मृत्यू आहे, प्रेम हळूहळू फुलणार आहे, शेवट गोड आहे, हे सगळं आधीच सांगून टाकतात. सुरुवातीला वाटलं, मग वाचायचं कशाला? पण वाचायला लागल्यावर ओढ तसूभरही कमी झाली नाही. कर्ण मरणार हे 'मृत्युंजय' उघडण्याआधी कुणाला माहीत नसतं? शिवाय ज्याला एखाद्या गोष्टीचा त्रास होतो, त्याला ती उघडायच्या आधीच बाजूला ठेवता येते. ही वाचकाची केलेली काळजी आहे आणि मला ती मनापासून आवडली.

सगळंच आवडलं असं नाही. तुझ्या यादीतली ती लांबलचक, दोन मित्रांच्या भांडणाची, ती मी चौथ्या भागात सोडली. मूळ मालिकेत तो थोरला मित्र मनातलं काही बोलत नाही, विषय निघाला की उठून खिडकी लावतो किंवा दिवा पुसायला घेतो. त्याच्यावर आपला जीव जडतो तो त्यामुळेच. या कथेत तो समोर बसून म्हणतो, 'मला असुरक्षित वाटतं, आपण याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं.' तो असं बोलणारच नाही! नाव त्याचं, कपडे त्याचे, पण माणूस दुसराच. तू ही कथा पूर्ण वाचलीस आणि 'मस्त' लिहिलंस. तुला त्यात काय मस्त वाटलं ते मला खरंच समजून घ्यायचंय. तुझं म्हणणं पटलं तर मी चौथ्या भागापासून पुन्हा सुरू करेन.

आता जे मला खुपलं ते. दीपस्तंभावरच्या बहिणींच्या कथेपुढे तू लिहिलंयस, 'लेखिकेने दगा दिला.' त्या संकेतस्थळावर तिच्या भागांची संख्या '२३/?' अशी दिसते. तेवीस भाग झालेत, एकूण किती होणार ते प्रश्नचिन्ह, आणि शेवटचा भाग येऊन वर्षं लोटलीत. तुझा जीव तळमळतो हे मला कळतं. तेविसावा भाग वाचून माझाही तळमळला. पण दगा? तिने तुझ्याकडून एक पैसा घेतला नव्हता, कसला शब्द दिला नव्हता. त्या प्रश्नचिन्हामागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही. आजारपण असेल, नोकरी असेल, तान्हं मूल असेल. किंवा नुसतं मन उडालं असेल, जसं तुझं इतक्या पुस्तकांवरून उडालं. अर्ध्यावर थांबायची मुभा वाचणाऱ्याला असेल तर फुकट लिहिणाऱ्यालाही असायला हवी. तिने कथा पुसून टाकली नाही, हे केवढं आहे! तिथे लेखकाला आपलं नाव काढून घेऊन कथा तशीच ठेवायचीही सोय असते, म्हणजे त्याची सुटका होते आणि वाचकाचं वाचायचं राहत नाही. अशी सोय काढणाऱ्यांना माणसाचं मन चांगलं कळत असणार.

अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी काही थोड्या नाहीत. १८७० साली डिकन्स गेला तेव्हा त्याची शेवटची, एका रहस्याभोवती फिरणारी कादंबरी बारा भागांत यायची होती, लिहून झाले होते सहा. त्या रहस्याचं उत्तर लोक आजही शोधतात. पण मला जास्त जवळची वाटते ती बाणभट्टाची 'कादंबरी'. सातव्या शतकातली. पत्रलेखा कादंबरीचं बोलणं सांगते आहे, आणि तिथेच, बोलता बोलता, बाणाची लेखणी थांबते. तो गेला. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं, की वडिलांबरोबर ही कथाही तुटली, ती अपुरी राहिल्याचं रसिकांना झालेलं दुःख बघून मी ती हाती घेतली आहे, कवी असल्याच्या गर्वाने नव्हे. बापाची सर आपल्याला येणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी त्याने ती वाचणाऱ्यांसाठी पुरी केली. हे वाक्य मी कधीही वाचलं तरी मला भरून येतं. आज अनोळखी माणसाची थांबलेली कथा कुणी विचारून, परवानगी घेऊन पुढे नेतं, तेव्हा त्याच्याही मनात हेच असावं.

दीपस्तंभाची कथा मी माझ्या वहीत 'वाचून झालेल्या'त घातली आहे. जेवढी आहे तेवढी सगळी वाचली, मग ती अर्धी सोडली असं कसं म्हणू? धाकटी बहीण वादळात दिवा विझू नये म्हणून रात्रभर हाताने यंत्र फिरवते, आणि थोरली जिन्याखाली उभी राहून तिला गोष्ट सांगत राहते, झोप लागू नये म्हणून. तो एकविसावा भाग पुढे काही न येताही पुरा आहे. मी लेखिकेला तसंच लिहून टाकलं, एकविसाव्या भागातलं काय काय मनात राहिलं ते, नावानिशी, वाक्यानिशी. 'पुढचा भाग कधी?' हे मुद्दामच विचारलं नाही. तिथे खाली तसे विचारणारे खूप आहेत, काही तर रागावलेले. त्यात तुझंही एक आहे, ते मी पाहिलं. ते काढून टाक आणि त्या जागी तुला जे आवडलं ते लिही. एवढं माझ्यासाठी कर.

यापुढे सुरू करण्याआधी कथा पूर्ण आहे का आणि शेवटचा भाग कधी आला ते बघत जा. अपुरी असली तरी वाच, पण अपुरी आहे हे माहीत असू दे, म्हणजे तेविसाव्या भागाला असा राग येणार नाही.

परीक्षेच्या दिवसांत सोडलेली पुस्तकं सोडलेल्यांच्या रकान्यात घालू नकोस. त्यांच्यासाठी तिसरा रकाना कर, 'नंतर'. मी तुझ्या वयाची असताना एक आत्मचरित्र असंच ठेवून दिलं होतं, सगळी हकीकत म्हाताऱ्या माणसाची वाटली म्हणून. गेल्या पावसाळ्यात ते उघडलं आणि खाली ठेववेना.

मी सध्या एक प्रवासवर्णन वाचते आहे, निम्म्यावर आले आहे, चांगलं चाललंय. पहारेकऱ्याच्या लेखिकेने आणखी काही लिहिलं असेल तर पाठव. पुढची यादी करशील तेव्हा सोडलेल्या प्रत्येकापुढे पान आणि कारण लिही, 'बोअर' चालणार नाही. आणि त्या राजघराण्याच्या कथेचा तिसरा खंड तू कुठे सोडलास ते आधी कळव. मी दुसऱ्याच्या शेवटाला आले आहे, तिसरा आणायचा की नाही ते त्यावर ठरवेन.

तुझी,
आई